नवाच्या आधी शून्य

ओडवार निवृत्त झाला तेव्हा त्याने मला दोनच गोष्टी दिल्या:
तराजूघराची किल्ली आणि एका फोल्डरचा पत्ता.
म्हणाला, सिनोव, आत नुसती नावं आहेत.
नावं नीट वाच. बाकीचं यंत्र बघून घेतं.

वार्डोच्या धक्क्यावर हिवाळ्यात वीज जाते
म्हणजे जातेच.
परत आली की तळघरातला जुना संगणक
मास्तरांसारखा हजेरी घेऊ लागतो:
एस१०नेटवर्क.
एस२०नोंदवही.
एस८०वजन.

आधी मोठा एस, म्हणजे ऊठ.
किंवा के, म्हणजे आवर.
मग दोन आकडे, मग ज्याचं त्याचं काम.
दहा, वीस, पंचेचाळीस...
मध्ये इतक्या जागा का सोडल्यास, मी विचारलं होतं.
ओडवार हातमोज्यातलं बर्फ झटकत होता.
अजून न आलेल्यांसाठी, म्हणाला.

उठायचा आकडा आणि आवरायचा आकडा
यांची बेरीज शंभर, हाही त्याचाच नियम.
विसाला उठलेला ऐंशीला आवरतो.
जो सगळ्यांआधी आला
त्याने दिवा मालवून शेवटी निघायचं.

फेब्रुवारीत यंत्राची बॅटरी मेली.
वीज गेली की त्याला वेळच आठवेना.
मी एक छोटी फाईल लिहिली, जगाला वेळ विचारणारी,
आणि नाव ठेवलं एस९घड्याळ.
नेटवर्क खाली ओढून पाचावर आणलं,
वेळ विचारायला वाट नको का?
एवढं सगळं सुचलं.
नऊ दहाच्या आधी येतो हे तर पहिलीतलं पोरही सांगेल.

यंत्र पहिलीत गेलेलं नाही.
ते आकडे मोजत नाही, अक्षरं लावतं,
शब्दकोशात लावतात तशी.
दहाचा एक पुढे, ऐंशीचा आठ त्याच्यामागे,
आणि माझा नऊ, सोबतीला कोणी नसलेला,
नव्याण्णवच्याही पाठीमागे
टोपी हातात घेऊन दाराशी उभा.

त्या रात्री वजन आधी उठलं.
उठताक्षणी तारीख विचारून खिशात घातली.
घड्याळ मागाहून पोचलं, वरातीमागून घोडं.
तोवर अकरा टन कॉड तोलून झाला होता
आणि पावत्यांवर छापलं होतं:
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

सकाळी टोरलाइफ पावती घेऊन आला.
चष्मा कपाळावर, दाढीत मीठ.
माझा जन्म एकाहत्तरचा, म्हणाला.
हा मासा मी पोटात यायच्या आधी धरलाय.
भाव तरी आजचा देणार ना?

रांगेतले सगळे हसले. मीही हसले, कान लाल होईतो.
मग ओडवारला फोन केला.
पलीकडे बराच वेळ किटली वाजत होती.
शून्य, तो म्हणाला. नवाच्या आधी शून्य लाव.
एकट्याला पाठवत नाहीत.

शून्य लावलं. त्याच खिडकीत,
साठाच्या जागी, पहिल्यांदाच लक्ष गेलं:
एस६०सोलेइ. पण एस छोटा.
मोठा असता तर हाक गेली असती.
छोट्या अक्षराला यंत्र ओळखत नाही,
वाचतं आणि पुढे जातं.
आत पाचच ओळी होत्या:
सोलेइ नावाच्या बोटीचा रेडिओ ऐकत राहायचं,
आवाज आला की तराजूघरातली घंटा वाजवायची.
फाईलला शेवटचा हात लागला होता
एका नोव्हेंबरात, पहाटे चारला.
तराजूघरात कोणी त्या बोटीचं नाव काढत नाही.

पुसली असती तर एक ओळ कमी झाली असती, एवढंच.
त्याने फक्त अक्षर लहान केलं.

पुढच्या वर्षी नवं यंत्र येतंय.
त्यात आकडे नाहीत म्हणे.
प्रत्येकाने आपल्या फाईलीत लिहायचं
की मी कोणाची वाट बघतो.
वजन लिहील घड्याळाची, घड्याळ लिहील नेटवर्कची.
सगळ्यांच्या फाईली मी भरून ठेवल्यात.
एक राहिलीय.
ओडवारला विचारायला हवं.
दोनदा त्याच्या फाटकापर्यंत जाऊन आले.